ओडिन एकच, पण वापर बघा

ओडिन म्हणजे जुन्या व्हायकिंग लोकांचा मोठा देव. त्याला नि तिथल्या इतर जुन्या देवांना मानणारी आइसलँडची आसात्रू संस्था १९७२ ला निघाली, शेतकरी-कवी स्वेनब्योर्न बेइंटेइनसन पुढे होते, १९७३ ला सरकारी मान्यता, म्हणजे सरकारशी संबंध आलाच पण तो लग्नं लावण्यापुरता (समलिंगी जोडप्यांचीही लावतात बरं का) नि इतर धर्मांसारखा टॅक्सचा वाटा घेण्यापुरता. विधीत शिंगातून मधाची दारू फिरते, देवांच्या नावाने एकेक घोट, झालं.

सोल्जर्स ऑफ ओडिन (‘ओडिनचे सैनिक’) हे निर्वासितविरोधी टोळकं २०१५ चं, फिनलंडच्या केमी शहरातलं. काळी जॅकेटं, पाठीवर शिंगवालं हेल्मेट (खऱ्या व्हायकिंगांच्या हेल्मेटला शिंगं नव्हतीच, असो), आणि निर्वासित आले म्हणून रस्त्यावर गस्त. पूजाबिजा काही नाही, ओडिन नुसता जॅकेटपुरता. मला तरी आसात्रूवालेच पटतात, वंशवादाला त्यांनी उघड विरोध केलाय.