मेटल डिटेक्टर, काळी माती आणि नंदीचा पैसा : आठ महिन्यांचा अनुभव

खजिना मिळालेला नाही, हे आधीच सांगतो. कोजागिरीच्या सुमारास मध्यम किमतीचं यंत्र घेतलं, आता मृग लागायला आलाय. एवढ्यात बहुतेक रविवारी मी आणि माझा शाळेपासूनचा मित्र इंदूरहून पोहे-जलेबी खाऊन निघायचो ते थेट सांवेरकडे, त्याच्या काकांच्या शेतावर. हाती आलं ते असं : बादलीभर खिळे, बैलाचे नाल, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, बाटल्यांची झाकणं आणि एकोणीस नाणी.

पहिला महिना वायाच गेला. माळव्याची काळी माती बेसाल्टची, लोहयुक्त खनिजांनी भरलेली. यंत्र नुसतं कुरकुरत राहायचं. मग कळलं की मोकळ्या जागी चकती खालीवर हलवून आवाज शांत होईपर्यंत यंत्र जमिनीशी जुळवून घ्यावं लागतं, आणि बांध ओलांडला की पुन्हा. संवेदनशीलता पूर्ण ठेवायचा मोहही सोडावा लागला. माहितीपत्रकात पाव मीटर खोलीचं लिहिलंय. आमच्याकडे पैशाएवढं नाणं वीतभर खाली गेलं की गेलंच. लोखंडाला घोगरा आवाज, तांब्याला स्वच्छ किणकिण. पण गंजलेला चपटा पत्राही कधीकधी तांब्याची नक्कल करतो, म्हणून आडवं-उभं फिरवून दोन्हीकडून तोच आवाज आला तरच खुरपं काढायचं. वजनाबद्दल तक्रार नाही, हेडफोनची वायर मात्र दर झुडपाला अडकते.

यंत्र मी चालवतो, जागा तो काढतो. तीन रविवार शेताच्या मधोमध पायपीट करून काही हाती लागेना, तेव्हा त्याने आजीला विचारलं, पूर्वी बैलगाड्या कुठे सुटायच्या? पडक्या विहिरीजवळच्या चिंचेखाली. तिथे तासाभरात चार नाणी! दोन भोकाचे पैसे, १९४३ ते १९४७ मध्ये निघायचे तसले. एक पंचम जॉर्जचा पाव आणा. आणि चौथं जाड, काळपट, त्यावर बसलेला नंदी. साल १९४ पर्यंत वाचता आलं, शेवटचा आकडा झिजलेला. मित्र ओरडला, ‘भिया, ये तो दूसरी लड़ाई का है!’

सराफ्यातल्या एका म्हाताऱ्या नाणेवाल्याने भिंगातून पाहून हसत सांगितलं, ‘अहो, हा संवत आहे. सत्तावन्न वजा करा.’ म्हणजे १८८३ ते १८९२ च्या दरम्यानचा होळकरी पैसा. शिवाजीराव होळकर गादीवर आले ते १८८६ मध्ये. अहिल्याबाईंच्या काळचा महेश्वरी रुपया, बेलपान आणि पिंडीचा, आम्ही फक्त त्याच्याच तबकात पाहिला.

आता माझा गाढवपणा. आधी सापडलेला एक पाव आणा मी चिंचेने देवाच्या भांड्यांसारखा लखलखीत घासला. नाणेवाल्याने तो दोन बोटांत धरून नुसतं ‘अरेरे’ म्हटलं. तेव्हापासून साध्या पाण्यात भिजवतो, मऊ फडक्याने टिपतो, बस.

घ्यायचं असेल तर कायदाही वाचा. संरक्षित वास्तूंच्या आवारात परवानगीशिवाय खणणं १९५८ च्या कायद्याने बंद आहे, तिकडे यंत्र नेऊच नका. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे : जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली की कलेक्टरला लेखी कळवायचं. शिवाय शेतमालकाची परवानगी आणि खणलेला खड्डा बुजवणं. एकदा बुजवायचा राहिला आणि काकांच्या बैलाचा पाय त्यात गेला. दोन आठवडे आम्हाला चहा मिळाला नाही.

नंदीच्या पैशाचा अर्ज फोटोसह देऊन आलो. कारकुनाने कागद उलटून पाहिला, फोटो पाहिला, मग आम्हा दोघांकडे पाहिलं. ‘बस, एक पैसा?’ पोचपावतीचा शिक्का मात्र दिला.

आता पेरणीचे दिवस, शेतात पाय टाकायची सोय नाही. बॅटऱ्या काढून यंत्र माळ्यावर ठेवलंय. सोयाबीन निघालं की चिंचेच्या पलीकडची बाजू बघायची आहे.