स्मिथ अँड वेसन ६४२ की रूगर एलसीआर? लहान हाताच्या बाईने काय घ्यावं

जवळ लपवून बाळगायला छोटं रिव्हॉल्व्हरच घ्यायचं, असं तुमचं ठरलं असेल, तर पिस्तूल बरं की रिव्हॉल्व्हर हा वाद मी इथे पुन्हा काढत नाही. पिस्तुलाची स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढता येते का, पाच गोळ्या पुरतात का, हे सगळं घरात बोलून झालेलं असणार. त्यानंतर अमेरिकेतल्या बहुतेक गन शॉपच्या काउंटरवर बाईपुढे दोन नग ठेवले जातात: स्मिथ अँड वेसनचं ६४२ आणि रूगरचं एलसीआर. दोन्ही .३८ स्पेशल या काडतुसाची, दोन्हींत पाच गोळ्या, आणि दोन्हींचा हॅमर (घोडा) आत झाकलेला, म्हणजे ओढणीत किंवा पर्सच्या अस्तरात अडकायला बाहेर काहीच नाही. मी ह्यूस्टनजवळ राहते. माझं अकाउंटिंगचं छोटं ऑफिस आहे आणि टॅक्स सीझनमध्ये रात्री उशिरा एकटीने कुलूप लावून पार्किंगपर्यंत जावं लागतं. ही निवड मी स्वतःसाठी केली आहे, आणि माझा हात लहान आहे. पुढचं सगळं त्या हाताच्या अनुभवावरून आहे, तेवढं ध्यानात ठेवून वाचा.

आधी एक महत्त्वाचं. तुम्ही अजून एच-वन (नोकरीच्या) किंवा एच-फोर (त्यावरच्या जोडीदाराच्या) व्हिसावर असाल तर इथेच थांबा. नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या व्यक्तीला बंदूक आणि काडतुसं बाळगायला केंद्रीय कायद्याने बंदी आहे. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. नवऱ्याच्या नावावर घेऊन तुम्ही वापरायची, हाही मार्ग नाही. ग्रीन कार्ड आलं की प्रश्न मिटतो. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून परवान्याशिवायही कॅरी करता येतं, तरी मी लायसन्स काढलं. शेजारच्या राज्यांत गेल्यावर ते उपयोगी पडतं, आणि त्या वर्गात कायदा नीट कळतो. न्यू जर्सीतल्या मैत्रिणींना परमिट लागतंच. मात्र जून २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आल्यापासून ‘तुम्हाला खास गरज काय?’ हे सिद्ध करत बसावं लागत नाही.

आता मुद्द्याचं बोलू.

दुकानात बाईला सगळ्यात आधी वजन सांगतात. ‘मॅडम, बघा किती हलकं आहे!’ मी गेले होते त्या दुकानातला माणूस तर बराच वेळ माझ्या नवऱ्याशीच बोलत होता, आणि तेही वजनाबद्दलच. हलकेपणा खराच आहे. ६४२ रिकामं असताना चारशे ग्रॅमच्या जरा वर, एलसीआर जरा खाली. दोन्ही हातात घेतली तरी फरक कळत नाही, म्हणून वजनावरून निवड होऊच शकत नाही. निवड ट्रिगरवर होते, आणि तो मात्र दुकानात कोणी ओढून बघायला सांगत नाही.

६४२चा ट्रिगर साधारण बारा पाउंडांचा असतो, म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास. नगागणिक थोडं इकडेतिकडे होतं. चारशे ग्रॅमची वस्तू हातात स्थिर धरायची आणि त्याच हाताच्या एका बोटाने तिच्या वजनाच्या तेरा पट जोर लावायचा, असा हा प्रकार आहे. हात मोठा आणि पंजा मजबूत असेल तर बाकीची बोटं रिव्हॉल्व्हर आवळून धरतात आणि तर्जनी आपलं काम करते. माझ्या हाताला ते जमेना. ट्रिगर अर्ध्यावर येईपर्यंत ठीक असायचं. शेवटच्या टप्प्यात मात्र जोर एकदम चढतो. बोटाचं पेर पांढरं पडायचं, बाकीची बोटंही आपोआप आवळली जायची आणि नळीचं तोंड खाली डावीकडे झुकायचं. सात यार्डांवरच्या कागदावर माझ्या गोळ्या नेमाच्या खाली डाव्या बाजूला गोळा व्हायच्या. पहिल्या पाच त्यातल्या त्यात बऱ्या, पुढच्या पाच आणखी खाली.

सराव वाढवला की सुटेल, असं मला सांगितलं गेलं, आणि काही अंशी ते खरंही आहे. रोज रात्री काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, सिलिंडर (गोळ्यांचं फिरतं चक्र) उघडून रिकामा असल्याची खात्री करून, डमी काडतुसं घालून मी भिंतीवरच्या टिकलीवर नेम धरून ट्रिगर ओढत असे. बोटात ताकद आली. पण दिवसभर कीबोर्डवर काम केलेल्या बोटाला सकाळी जे जमतं ते रात्री साडेनऊला जमत नाही, आणि मला ते रिव्हॉल्व्हर रात्री साडेनऊलाच लागणार आहे. हीच एक गोष्ट मला खटकत राहिली. ६४२च्या बाकी कशाबद्दल माझी तक्रार नाही.

एलसीआर २००९ मध्ये आलं. त्याच्या ट्रिगरची यंत्रणा वेगळी आहे. आतल्या कॅमचा (जोर पोहोचवणाऱ्या तुकड्याचा) आकार असा घडवलाय की स्प्रिंग दाबायचा जोर ट्रिगरच्या पूर्ण प्रवासात वाटला जातो, शेवटी एकदम साचत नाही. आकड्यात तो नऊ-दहा पाउंडांचा म्हणतात, म्हणजे फरक दोन-तीन पाउंडांचाच. बोटाला मात्र तो अर्धाच वाटतो, कारण शेवटची ती चढण नाही. ट्रिगर एकसारखा मागे येत राहतो आणि पुढची साइट (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) जिथे ठेवली तिथेच राहते. पहिल्यांदा रेंजवर भाड्याने घेऊन चालवलं तेव्हा माझ्या गोळ्या कागदाच्या मध्यावर आल्या. पुढचा आणखी एक बॉक्स संपेपर्यंत त्या मध्यावरच राहिल्या. माझ्यापुरतं तिथेच ठरलं.

एलसीआरमध्ये एक खोड आहे, ती आधीच माहीत असलेली बरी. ट्रिगर सोडताना वाटेत एक खोटी टिक जाणवते. ट्रिगर पूर्ण पुढे आला असं वाटून तिथूनच पुन्हा ओढलात तर गोळी सुटणार नाही. म्हणून बोट प्रत्येक वेळी पूर्ण पुढे जाऊ द्यायचं. घरच्या कोरड्या सरावात ही सवय लागते, फक्त सुरुवातीपासून लावा.

‘ट्रिगर जड असलेलाच बरा, घरात लेकरं आहेत,’ असं एका ताईंनी मला सांगितलं होतं. काळजी रास्त आहे. डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहोतल्या हेडन गावी एका आईने पर्समध्ये ठेवलेलं पिस्तूल तिच्या दोन वर्षांच्या मुलाच्या हाती लागलं आणि त्यात ती आई दुकानातच दगावली. ही बातमी वाचल्यापासून पर्समध्ये रिव्हॉल्व्हर ठेवायच्या मी पूर्ण विरोधात आहे, मग पर्सला वेगळा कप्पा असो वा नसो. पण त्यावरचा उपाय जड ट्रिगर हा नाही. लहान मूल दोन्ही अंगठे लावून बारा पाउंडही ओढू शकतं. रिव्हॉल्व्हर अंगावर असावं, ट्रिगर पूर्ण झाकणाऱ्या होल्स्टरमध्ये (म्यानात) असावं, आणि अंगावर नसेल तेव्हा कुलुपाच्या पेटीत. यात तडजोड नको.

अंगावर म्हणजे कुठे, हा बायकांचा खरा प्रश्न. पट्टा नाही, खिसे नाहीत. मी लेगिंग्ज-कुर्त्यावर बेली बँड (पोटाभोवतीचा रुंद पट्टा) बांधते, त्यात कडक होल्स्टर बसवलेलं. इथे ६४२चं पारडं जड आहे, हे मान्य करायला हवं. १९५० पासून चालत आलेल्या जे-फ्रेमचा (स्मिथ अँड वेसनच्या छोट्या रिव्हॉल्व्हरांच्या सांगाड्याचा) आकार असल्यामुळे त्याच्यासाठी हवं ते होल्स्टर कुठेही मिळतं. मूठ बारीक आहे, कुर्त्याखाली फुगवटा दिसत नाही. एलसीआरची रबरी ग्रिप जाडसर असते आणि सुती कापड तिला चिकटतं. खाली वाकून सरळ झालं की कुर्ता वर अडकून राहतो आणि हाताने सोडवावा लागतो. मी नंतर छोटी ग्रिप बसवली. एलसीआरला ती एका खुंटीवर बसते, बदलायला वेळ लागत नाही. माझ्या भागात ६४२ थोडं स्वस्तही मिळतं.

पण तीच जाड रबरी ग्रिप गोळी सुटतानाचा झटका बराच पिते. छोटी बसवल्यावर तो फायदा कमी झाला, आणि तरीही सोसण्याजोगा राहिला. ६४२च्या मुठीची मागची बाजू उघडी धातूची असते, ती अंगठ्याच्या बेचक्यात बसते. दोन्ही हलकी आहेत आणि दोन्ही हाताला लागतात, हे कोणी लपवून ठेवू नये. प्लस-पी (जास्त दाबाच्या) काडतुसांच्या मागे लागू नका. मी सरावाला १४८ ग्रेन वजनाच्या सपाट तोंडाच्या गोळीची काडतुसं, म्हणजे वॅडकटर, वापरते, मऊ चालतात. आखूड नळीच्या .३८ मध्ये हीच काडतुसं रोज बाळगणारे अनुभवी लोकही आहेत.

पुढच्या साइटबद्दल थोडक्यात. ६४२ची साइट फ्रेमच्याच रंगाची आणि तिथेच घडवलेली, उन्हात पांढऱ्या कागदावर हरवते. एलसीआरची पिनेवर बसवलेली असते, बदलता येते. दोन्हींवर नारिंगी नेलपॉलिशचा एक हात दिला तर चाळिशीच्या डोळ्यांना खूप बरं पडतं. नळी छोटी असल्यामुळे रिकाम्या पुंगळ्या दोन्हींतून कधीकधी अर्ध्याच बाहेर येतात. तोंड आभाळाकडे करून पुंगळ्या ढकलणाऱ्या रॉडवर तळहाताचा जोरात फटका मारायचा.

आता ‘बाईसाठी .२२ घ्या, झटकाच नाही’ हा सल्ला. एलसीआर .२२ मध्येही मिळतं, आठ गोळ्यांचं. मलाही तो मोह झाला होता. पण .२२ च्या काडतुसाला कडेवर ठोकून पेटवावं लागतं, त्याला जोर जास्त लागतो, म्हणून त्याचा ट्रिगर .३८ पेक्षा जड असतो. म्हणजे झटका वाचवायचा आणि बोटाचा त्रास विकत घ्यायचा! शिवाय कडेवर ठोकायची काडतुसं न पेटण्याचं प्रमाणही जास्त. सरावाला उत्तम, बाळगायला मी घेणार नाही.

.३२ चा मात्र विचार जरूर करा, विशेषतः सांधे दुखत असतील तर. आपल्याकडे परवान्याचं रिव्हॉल्व्हर म्हटलं की कानपूरचं .३२ आठवतं. साताऱ्याला आमच्या काकांकडे होतं. २०१४ मध्ये बायकांसाठी म्हणून काढलेलं ‘निर्भीक’ही .३२ चंच. त्यात चालतं ते .३२ स्मिथ अँड वेसन लाँग हे काडतूस १८९६ सालचं, आणि फार मवाळ. स्मिथ अँड वेसनने जानेवारी २०२४ मध्ये ६३२ अल्टिमेट कॅरी आणलं, .३२ एच अँड आर मॅग्नममध्ये, सहा गोळ्यांचं. त्यात हे जुनं लाँगही चालतं. (उलटं करू नका, मॅग्नम काडतूस जुन्या .३२ मध्ये घालायचं नसतं.) त्याच मालिकेतल्या ६४२च्या आवृत्तीचा ट्रिगर नेहमीच्या ६४२पेक्षा बरा आहे आणि साइट तर खूपच चांगली आहे. माझी खरेदी होण्याआधी ही मालिका असती तर निर्णय इतका सोपा गेला नसता. किंमत मात्र बरीच वर जाते.

तेव्हा हाताचा पंजा मोठा असेल, बोटांत ताकद असेल आणि अंगाला चिकटून बसणारे कपडे तुम्ही घालत असाल तर ६४२ घ्या, त्याने तुमचं काही अडणार नाही. बाकीच्या मैत्रिणींना मी एलसीआरच हातात घेऊन बघायला सांगते. दुकानात गेलात की सिलिंडर रिकामा असल्याचं आधी स्वतः बघा, ‘ड्राय फायर (गोळीशिवाय ट्रिगर ओढणं) करू का?’ असं विचारा, आणि मग एका हाताने सलग दहा वेळा दोन्हींचे ट्रिगर ओढा. पहिल्या दोन वेळा काय वाटलं ते सोडून द्या. नवव्या-दहाव्या वेळी पुढची साइट हलते का, तेवढं बघा. शक्य असेल तर हे कामावरून परतताना करा, रविवारी सकाळी नको.