पाचशे रुपयांचा ओबीडी स्कॅनर: कोडपेक्षा आकडे जास्त कामाचे

कार्बोरेटरच्या गाड्यांचा त्रास वेगळा होता. जेटमध्ये कचरा अडकला, पॉइंट जळाला की गाडी मिस मारायची, पेट्रोलचा वास यायचा. मेकॅनिक कान लावून दोष पकडायचा. आता गाडी धड चालत असते, आवाज नाही, धूर नाही, आणि तरी मीटरवर पिवळा ‘चेक इंजिन’ दिवा पेटून बसतो. गॅरेजात स्कॅनर लावतात, कोडमध्ये ज्या सेन्सरचं नाव येईल तो सेन्सर बदलतात, दोन-अडीच हजारांचं बिल होतं आणि आठवड्यात दिवा परत लागतो. हा छळ थांबवायचा असेल तर गाडीच्या ओबीडी (गाडीने स्वतःच नोंदलेले दोष वाचायच्या) सॉकेटमध्ये लावून मोबाइलवर आकडे दाखवणारा ब्लूटूथचा ईएलएम३२७ स्कॅनर प्रत्येक गाडीवाल्याकडे असायलाच हवा. मात्र तो कुठला पार्ट गेला हे सांगत नाही. ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, कुठल्या सर्किटमध्ये काय खटकलं, एवढंच सांगतो. हा फरक समजून वापरला तर पैसे पहिल्याच दुरुस्तीत वसूल होतात.

आधी खरेदीचं. मूळ चिप कॅनडातल्या ईएलएम इलेक्ट्रॉनिक्सची. ती कंपनी २०२२ मध्ये बंद झाली. बाजारात पाचशे-सातशेला मिळतात त्या सगळ्या नकला. पाकिटावरच्या आवृत्तीवर जाऊ नका. ‘१.५’ नावाची आवृत्ती मूळ कंपनीने कधी काढलीच नव्हती, आणि ‘२.१’ लिहिलेल्या बऱ्याच नकलांमध्ये अनेक कमांड चालत नाहीत. हातात आल्यावर ईएलएम तपासणारं एखादं फुकट ॲप टाका आणि किती कमांडना उत्तर येतं ते पाहा. बरेच नापास दिसले तर लगेच परत करा. आयफोनवाल्यांनी साधा ब्लूटूथचा घेऊ नये, तो जोडलाच जात नाही. वायफायचा किंवा ब्लूटूथ एलई असलेला घ्यावा. ॲपमध्ये ‘कार स्कॅनर’ दोन्हीकडे चालतं, ‘टॉर्क’ फक्त अँड्रॉइडवर.

कुठल्या गाडीला चालेल? आपल्याकडे एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ सक्तीचं झालं. त्यानंतरच्या गाड्यांना अडचण येत नाही. त्याआधीच्या एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टर असलेल्या) गाड्यांत सोळा पिनांचं सॉकेट असलं तरी आतली भाषा बहुधा के-लाइन या जुन्या, संथ पद्धतीची असते. तिथे ‘ऑटो’वर जोडणी झाली नाही तर ॲपमध्ये प्रोटोकॉल हाताने निवडा: आयएसओ ९१४१ किंवा केडब्ल्यूपी. के-लाइनवर आकडे सावकाश येतात, म्हणून एका वेळी दोन-तीनच आकडे पडद्यावर ठेवा. कार्बोरेटरच्या गाडीला याचा काही उपयोग नाही.

सॉकेट स्टिअरिंगच्या खाली, बहुतेक फ्यूज बॉक्सच्या आसपास असतं. स्कॅनर घुसवा, चावी ऑन करा, ब्लूटूथचा पिन १२३४ किंवा ०००० टाका. कोड आला की तो पुसायची घाई करू नका. आधी कोड आणि सोबतची ‘फ्रीझ फ्रेम’ यांचा स्क्रीनशॉट काढा. दोष नोंदला गेला त्या क्षणी वेग, आरपीएम, लोड आणि इंजिनाचं तापमान किती होतं, हे त्यात असतं. कोड पुसला की तेही जातं, शिवाय ईसीयूने शिकलेली इंधनाची दुरुस्तीसुद्धा बहुतेक गाड्यांत शून्यावर येते.

पी०३०० घराण्यातला कोड घ्या. पी०३०२ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरला मिस. लगेच चारही कॉइल बदलायची गरज नाही. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल तर दुसऱ्याची काढून तिसऱ्यावर लावा, तिसऱ्याची दुसऱ्यावर. बोल्टला बहुधा दहाचा सॉकेट लागतो. कोड पुसून गाडी फिरवा. कोड पी०३०३ झाला तर कॉइल खराब. पी०३०२ च राहिला तर प्लगची अदलाबदल करा, मग इंजेक्टर, आणि शेवटी कॉम्प्रेशन. अर्ध्या तासाचं काम आहे.

पावसाळ्यातला नेहमीचा प्रकार म्हणजे पी०११८ किंवा पी०११३. पहिला कूलंटच्या तापमानाचा, दुसरा आत येणाऱ्या हवेच्या. इथे कोड सोडून थेट लाइव्ह डेटा, म्हणजे सेन्सरचे चालू आकडे, उघडा. आकडा उणे ४० दिसत असेल तर सेन्सर बहुधा निर्दोष आहे. सर्किट तुटलं की ईसीयूला उणे ४० च वाचता येतं. म्हणजे कनेक्टर निसटलाय, पिनांवर हिरवट गंज चढलाय, नाहीतर उंदराने वायर कुरतडली आहे. कनेक्टर काढून त्याच्या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडा: आकडा उणे ४० वरून एकदम शंभराच्या वर उडाला तर वायरिंग आणि ईसीयू दोन्ही ठीक, सेन्सर मेला. हललाच नाही तर वायर शोधा. ही दोन मिनिटांची चाचणी न करता सेन्सर विकणारे गॅरेजवाले पाहिले की चीड येते.

सगळ्यात मोलाचा आकडा मॅप सेन्सरचा, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या सेन्सरचा. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्या हवा मोजायला हाच सेन्सर वापरतात. चावी ऑन, इंजिन बंद असताना तो बाहेरचा हवेचा दाब दाखवतो: मुंबईत साधारण १०१, पुण्यात ९५, महाबळेश्वरात ८६ किलोपास्कलच्या जवळपास. पुण्यात उभी गाडी ८५ दाखवत असेल तर सेन्सरवरच संशय घ्या. गरम इंजिन, एसी बंद, रेझिंग आयडलवर असेल तर ३० ते ३८ च्या दरम्यान हवा. ४५-५० दिसला तर कुठेतरी व्हॅक्यूमचा पाइप फाटलाय, व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत किंवा टायमिंग सरकलंय. इथे एक गफलत फार होते. व्हॅक्यूम गळती म्हणजे पी०१७१ (हवेच्या मानाने इंधन कमी) असा सरसकट सल्ला इंटरनेटवर मिळतो, तो एअर-फ्लो मीटर असलेल्या गाड्यांचा आहे. मॅपवाल्या गाडीत गळती झाली की ईसीयूला वाढलेला दाब दिसतो, तो इंधनही वाढवतो, आणि परिणाम चढ्या आयडलच्या रूपात दिसतो. अशा गाडीत पी०१७१ आला तर आधी इंधनाचा दाब, चोक झालेले इंजेक्टर आणि ऑक्सिजन सेन्सरच्या आधीची सायलेन्सर गळती तपासा.

महाराष्ट्रात बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाड्यांची संख्या मोठी आहे, आणि स्कॅनरची खरी किंमत तिथेच कळते. सिक्वेन्शियल किट पेट्रोल इंजेक्टरच्या वेळेवरून गॅसची वेळ ठरवतं. मॅपिंग चुकलं की पेट्रोलचा ईसीयू ती चूक भरून काढत राहतो आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयूने शिकलेली इंधनाची दुरुस्ती, टक्क्यांत) सरकतो. आधी पेट्रोलवर पंधरा-वीस किलोमीटर चालवून हा ट्रिम लिहून ठेवा, मग तेवढंच सीएनजीवर. पेट्रोलवर अधिक ३ आणि गॅसवर अधिक १८ असं दिसलं तर गॅस कमी पडतोय: फिल्टर चोक, रेड्युसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) दमलेला, नाहीतर मॅपिंग. किटवाल्याकडे हे आकडे घेऊन गेलात तर ‘पेट्रोलमध्ये प्रॉब्लेम आहे’ असं सांगून तो तुम्हाला परत पाठवू शकत नाही. पेट्रोलवर पिकअप जड लागण्याचं कारणही बऱ्याचदा हेच असतं, कारण गॅसवर शिकलेली दुरुस्ती पेट्रोलवरही काही वेळ लागू राहते.

नव्या छोट्या गाड्यांत तापमानाचा काटाच काढून टाकलाय, नुसता दिवा ठेवलाय. खंबाटकी किंवा कसारा घाट चढताना कूलंटचा आकडा पडद्यावर ठेवा. ८५ ते ९८ मध्ये वरखाली झाला तर चालतं. १०५ ओलांडून चढतच राहिला तर एसी बंद करून गाडी बाजूला घ्या. उलट, हायवेवर तो ७० च्या वर जातच नसेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय, ॲव्हरेज त्यामुळेच पडलंय.

जुनी गाडी विकत घेताना तर हा खिशात हवाच. दाखवायच्या आधी कोड पुसून दिवा घालवणारे विक्रेते असतात. ‘कोड पुसल्यापासूनचं अंतर’ सहा किलोमीटर आणि रेडिनेस मॉनिटर (ईसीयूच्या स्वतःच्या तपासण्या) अपूर्ण, असं दिसलं तर बॅटरी काढली होती का ते विचारा, आणि शंभरेक किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासल्याशिवाय टोकन देऊ नका. मीटर मागे फिरवलाय का, हे मात्र यातून कळेल अशी आशा ठेवू नका.

मर्यादा मोठ्या आहेत. एबीएस, एअरबॅगचे कोड बहुतेक गाड्यांत वाचता येत नाहीत. चावी प्रोग्रॅम करणं, डिझेलचा इंजेक्टर कोड भरणं यांना गॅरेजचाच स्कॅनर लागतो. डिझेलला फ्युएल ट्रिम नसतो, तिथे रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब) पाहायला मिळालं तरी पुष्कळ. अलीकडच्या काही गाड्यांत सिक्युरिटी गेटवेमुळे कोड दिसतो पण पुसता येत नाही.

काम झालं की स्कॅनर उपटून ठेवा. गाडी बंद असतानाही तो बॅटरी खात राहतो: चाळीस मिलिअँपिअर धरले तर दिवसाला जवळपास एक एएच (अँपिअर-तास). छोट्या गाडीची बॅटरी ३५ एएचची, तीही जुनी असेल तर दहा दिवस गावाला जाऊन आल्यावर सेल्फ लागणार नाही. शिवाय पिन सगळ्यांना ठाऊक असलेलं ब्लूटूथ पार्किंगमध्ये रात्रभर उघडं ठेवणं बरं नाही. गाडी सर्व्हिसला टाकताना कोड, फ्रीझ फ्रेम आणि ट्रिमचे आकडे जॉब कार्डवर लिहून घ्या. पार्ट बदलल्यावर गाडी ताब्यात घ्यायच्या आधी तेच आकडे तिथेच पुन्हा पाहा, आणि बदललेला जुना पार्ट मागून घ्या.