डायव्हर्टर दिसायला झकास, पण पाणी वरनं येणार की खालनं ते सांगत नाही (२ स्टार)

बाथरूम रिनोव्हेट केलं तेव्हा बायकोच्या आग्रहाने हा सिंगल लिव्हरवाला कन्सील्ड डायव्हर्टर घेतला, म्हणजे भिंतीत लपलेला, गरम-गार मिसळून पाणी शॉवरला किंवा खालच्या नळाला वळवणारा नळ, फिटिंगसकट सात हजारच्या आसपास गेले, वापरून आता वर्ष होऊन गेलंय. आधी चांगलं सांगतो. प्रेशर मस्त, अजून एक थेंब गळला नाही, बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडतात पण व्हिनेगरने निघतात.

आता रडगाणं. भिंतीवर एक चकचकीत प्लेट, त्यावर लिव्हर आणि त्याखाली एक गोल बटण, बास. कुठेही चित्र नाही, बाण नाही, काही नाही. बटण आत असलं की शॉवर, बाहेर असलं की खालचा स्पाउट, म्हणजे बादलीवरचा नळ, आणि आत-बाहेरमधला फरक जेमतेम बोटाच्या पेराएवढा, चष्मा काढून आंघोळीला गेलेल्या माणसाला तो काय दिसणार? त्यात पाणी बंद केलं तरी बटण आपोआप परत येत नाही, आधीचा माणूस शॉवर घेऊन गेला असेल तर पुढचा बादली लावतो आणि डोक्यावर गार पाणी. काही मॉडेलमध्ये म्हणे ते आपोआप परत येतं, पण दुकानात हे विचारायचं सुचलंच नाही, तिथे कुठे पाणी चालू करून दाखवतात.

आमची आत्या सांगलीहून लग्नाला आली होती, तयार होऊन, पैठणी नेसून निघता निघता फक्त पाय धुवायला आत गेली. पुढचं सांगायला नको. बाहेर येऊन म्हणाली, "मेल्या, पाणी वरनं पडतंय का खालनं ते आधी सांगायचं न्हाई व्हय?" पैठणी इस्त्रीवाल्याकडे आणि आत्या बायकोच्या साडीत लग्नाला.

दुसरा घोळ लिव्हरचा. डावीकडे गरम, उजवीकडे गार, हे ठीक, पण लाल-निळा ठिपका लिव्हरच्या पोटाखाली, तो वाकून बघायचा. आणि माणूस साहजिकच लिव्हर मधे ठेवून वर उचलतो ना, तर मधे म्हणजे दोन्हीकडचं पाणी ओढलं जातं. म्हणजे नुसता मग विसळायला गेलात तरी गीझरमधलं गरम पाणी थोडं थोडं जातं, त्याच्या जागी गार शिरतं, आणि मग मागून आंघोळीला येणारा ओरडतो की गीझर बिघडला. आम्ही मेकॅनिकला बोलवून व्हिजिट चार्ज भरला राव, तेव्हा कळलं.

गंमत म्हणजे त्याच बाथरूमच्या बाहेर गीझरच्या १६ अँपिअरच्या स्विचशेजारी एक छोटा लाल दिवा आहे, चालू की बंद ते लांबून कळतं. त्या फुटकळ दिव्याला जे जमतं ते सात हजाराच्या वस्तूला जमत नाही. जुन्या वॉल मिक्सरला, म्हणजे भिंतीबाहेर बसवलेल्या गरम-गार नळाला, दोन वेगळ्या चकत्या असायच्या, गरमची गरम आणि गारची गार, मधला दांडा कुठे वळलाय ते तर आंधळ्यालाही हाताने कळायचं.

बदलायचं म्हटलं तर मेन बॉडी भिंतीत, टाइल्स फोडाव्या लागतील. प्लंबर म्हणतो, साहेब, सवय होईल. सवय आम्हाला झाली हो, पाहुण्यांचं काय? सध्या बटणाशेजारी बायकोच्या नेलपॉलिशने वरचा आणि खालचा बाण काढलाय, दोन महिने टिकतो. आणि घरचे सगळे बाजूला सरकून, हात लांब करून लिव्हर उचलतात, साप मारायला निघाल्यासारखे.

घ्यायचाच असेल तर बटण आपोआप परत येणारा आहे का ते विचारा, आणि घरात म्हातारी माणसं असतील तर सरळ वॉल मिक्सर लावा. आमचं दुसरं बाथरूम अजून जुनंच आहे. आत्या गणपतीला आली तेव्हा दारातच बॅग ठेवून पहिला प्रश्न तोच, "जुन्या नळाचं मोरीघर रिकामं हाय का?"