फ्युएल फ्लो सेन्सर : काही महिने वापरल्यानंतर

होमबिल्ट, म्हणजे घरी बांधलेल्या, विमानात फ्युएल फ्लो सेन्सर (इंजिनाला ताशी किती इंधन जातंय ते मोजणारा) बसवावा का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर 'डोळे झाकून बसवा' असंच आहे. मात्र स्क्रीनवरचा आकडा नाचायला लागला की लगेच नवा सेन्सर मागवू नका. आकडा का नाचतोय ते आधी बघा.

माझं विमान लो विंग, दोन सीटचं, कार्ब्युरेटरवालं लायकमिंग ओ-३२० इंजिन. टाक्या इंजिनाच्या खाली, त्यामुळे इंधन ओढून घ्यावं लागतं: इंजिनवर मेकॅनिकल पंप, आणि टेकऑफ-लँडिंगला मदत म्हणून कॉकपिटच्या बाजूला इलेक्ट्रिक बूस्ट पंप. विमान मी बांधलं नाही, उडत्या स्थितीत विकत घेतलं. सेन्सर आधीपासूनच मेकॅनिकल पंप आणि कार्ब्युरेटरच्या मध्ये बसवलेला होता.

तक्रार अशी. सरळ क्रूझ, आरपीएम स्थिर, हवा शांत. ताशी ३१ लिटरच्या आसपास दिसायला हवं, तर आकडा २७ वरून ३८ वर, पुन्हा खाली. इंजिन मात्र एका सुरात चाललेलं. ओळखीच्यांचा सल्ला एकच: डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन फिल्टर (आकड्याची सरासरी काढून तो स्थिर दाखवणारी सोय) वाढव, आकडा गप्प बसेल. बसला असताच. पण कारण सापडायच्या आधी फिल्टर वाढवणं म्हणजे ताप बघायच्या आधीच थर्मामीटर पुसून ठेवणं. मी वाढवला नाही.

सेन्सरच्या पोटात एक इवलंसं चक्र असतं. इंधनाच्या धारेने ते फिरतं, त्याची पाती प्रकाशाचा किरण तोडतात आणि प्रत्येक वेळी एक पल्स निघतो. माझ्या सेन्सरचा के-फॅक्टर, म्हणजे ठरावीक इंधनामागे निघणाऱ्या पल्सची संख्या, गॅलनला ६८,००० पल्स, म्हणजे ताशी ३० लिटरला सेकंदाला साधारण दीडशे. बिचाऱ्याला दिशा कळत नाही. पंपाच्या धक्क्याने इंधन क्षणभर मागे सरकलं तरी पल्स मोजलाच जातो. बुडबुडा गेला तर त्याचं आकारमानही इंधन म्हणूनच धरलं जातं. म्हणजे आकडा नाचत असेल तर बऱ्याचदा पाइपात खरोखरच काहीतरी नाचत असतं.

सोपं म्हणून वायरिंग आधी बघितलं. इंजिन बंद, मास्टर स्विच ऑन, रेडिओवर ट्रान्समिट, स्ट्रोब दिवे चालू: फ्लो शून्यावरून हलला नाही. जमिनीवर इंजिन चालू ठेवून अल्टरनेटर क्षणभर बंद केला, तरी फरक नाही. वायरीवरचं शील्ड (बाहेरचा विद्युत गोंधळ अडवणारं आवरण) एकाच टोकाला ग्राउंड केलेलं होतं, तसंच हवं. मग उघड्यावर, विमान नीट ग्राउंड करून, अग्निशामक हाताशी ठेवून, कार्ब्युरेटरकडचा होज सोडला आणि बूस्ट पंपाने मापाच्या कॅनमध्ये इंधन काढलं. आकडा बऱ्यापैकी स्थिर, बेरीजही कॅनशी जुळणारी. सेन्सर निर्दोष सुटला.

खरा धागा लागला तो बूस्ट पंपामुळे. क्रूझमध्ये आकडा नाचत असताना बूस्ट ऑन केला की तो पुष्कळसा शांत व्हायचा, ऑफ केला की थोड्या वेळाने पुन्हा तेच. बूस्ट चालू असताना त्याच्या पुढच्या लाइनमध्ये दाब असतो. बंद असताना मेकॅनिकल पंप तीच लाइन ओढतो, आणि कुठे सैल फट असेल तर तिथून इंधन गळत नाही, हवा आत शिरते. खाली थेंब नाही, वास नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

काउलिंग (इंजिनावरचं झाकण) काढून टॉर्चने एकेक जोड बघत गेलो. इंजिन आणि कॉकपिटमधल्या फायरवॉलवर गॅस्कोलेटर, म्हणजे इंधनातलं पाणी-कचरा गाळणारं भांडं, असतं; त्याच्या बाउलला, कडेला, केसाएवढी निळी रेघ होती. १०० एलएल अ‍ॅवगॅसला (विमानाच्या पेट्रोलला) निळा रंग असतो. बूस्ट चालू असताना जे जरासं पाझरायचं ते उडून जाऊन मागे रंग उरायचा. आतलं गॅस्केट नखाने दाबलं तर दबेना, इतकं कडक झालेलं. नवं बसवलं, बूस्ट लावून गळती तपासली, जमिनीवर फुल पॉवर घेतली, मग उडालो. क्रूझमधला नाच संपला. फिल्टर वाढवला असता तर ही हवा तशीच आत येत राहिली असती, हा विचार अजूनही अस्वस्थ करतो.

चढताना, बूस्ट ऑन असताना, थोडी थरथर उरली होती. तिचं कारण वेगळं: सेन्सरच्या तोंडालाच नव्वद अंशांचा एल्बो. वळणावरून घुसळत आलेली धार चक्राला नीट फिरू देत नाही. एल्बो काढून आधी सरळ तुकडा दिला, पंपाकडून फायर स्लीव्ह घातलेला लवचिक होज आणला, सेन्सरच्या वायरी वरच्या बाजूला येतील असा तो फिरवला. थ्रेडला टेफ्लॉन टेप अजिबात लावू नका. तिचा एक कपटा चक्रात अडकला की संपलं. इंधनाला चालणारी पेस्ट, तीही पहिले आटे सोडून.

कॅलिब्रेशन मात्र यानंतरच करा, बुडबुडे मोजून काढलेल्या के-फॅक्टरला अर्थ नाही. टाकी भरताना डिस्प्लेने ६२ लिटर खर्च दाखवला आणि भरले ६०, तर ६८,००० ला ६२ ने गुणून ६० ने भागायचं. एका भरण्यावर विसंबू नका, काही भरण्यांची सरासरी घ्या.

सध्याची स्थिती: क्रूझमध्ये आकडा अर्ध्या लिटरच्या आत हलतो, मिश्रण लीन करताना (हवेच्या मानाने इंधन कमी करताना) त्याच्यावर माझा पूर्ण भरवसा आहे. बूस्ट ऑन केला की वाचन किंचित वर जातं, ते जाणार. गरम इंजिन बंद करून लगेच पुन्हा सुरू केलं तर लाइनमध्ये वाफ होते आणि सुरुवातीची काही मिनिटं आकडा वेडावाकडा दिसतो, त्याकडे मी बघत नाही. सेन्सरबरोबर आलेल्या माहितीपत्रकात एल्बो आणि सरळ पाइपाबद्दल जेमतेम दोन ओळी आहेत, तिथे एक मार्क कापतो. आणि टाकीत किती उरलंय हे उड्डाणाआधी अजूनही डिपस्टिकनेच बघतो.