चष्मा विसरून पाहिलेलं वस्तुसंग्रहालय

मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय मी याआधी दोनदा पाहिलं होतं. एकदा शाळेच्या सहलीत आणि एकदा लग्नानंतर पाहुण्यांना घेऊन. दोन्ही वेळा जे केलं ते सगळेच करतात. पाटी वाचायची, मान हलवायची, पुढच्या कपाटाकडे सरकायचं. या वेळी बारा वर्षांच्या नातीला घेऊन गेलो आणि चष्मा घरीच राहिला. पाट्या वाचायचं काम तिच्याकडे गेलं. मला राहिलं ते नुसतं बघणं. आणि बघायला मला दगडच जास्त कळतो, कारण बत्तीस वर्षं मी दगडी बांधकामाची कंत्राटं घेतली आहेत.

त्यामुळे पहिली वीस मिनिटं आम्ही बाहेरच होतो. नातीला ते आवडलं नाही. पण या संग्रहालयातली पहिली वस्तू म्हणजे ही इमारतच, असं माझं ठाम मत आहे. कुर्ल्याचा निळसर काळा बेसॉल्ट आणि मालाडचा पिवळसर दगड. दोन्ही खाणी मुंबईतल्याच. वास्तुविशारद जॉर्ज विटेट. कोनशिला 1905 ची, इमारत 1914 मध्ये उभी राहिली, पण तेवढ्यात पहिलं महायुद्ध आलं आणि इथे लष्करी इस्पितळ झालं. लोकांसाठी दारं उघडली ती थेट 10 जानेवारी 1922 ला. मोठा घुमट विजापूरच्या गोलघुमटाच्या वळणाचा आहे. काळ्या दगडावर ज्याने टाकी चालवली असेल, त्याला या कमानी बघताना हाताला झिणझिण्या येतील. हा दगड चिवट. चुकून घाव वाकडा बसला की कपरी उडते, आणि उडालेली कपरी परत चिकटवता येत नाही.

नातीला सांगितलं, सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले, त्याचा सह्याद्री झाला. गडांचे कडे त्याचेच, लेणी त्यातच खोदलेली. ती म्हणाली, "म्हणजे आबा, आपण लाव्हाच्या घरात जातोय?" मला इतकं नेमकं सांगता आलं नसतं.

आत शिरल्यावर घुमटाखालच्या मधल्या दालनात मान वर करा. अठराव्या शतकातल्या वाड्याचे लाकडी खांब, कठडे आणि सज्जा इथे बसवलेत. माणसं घाईघाईनं त्याच्याखालून निघून जातात, कारण तिथे काच नाही. आमच्याकडे वाडे पाडताना असलं लाकूड कुठे जातं ते मी पाहिलंय, म्हणून जरा जास्तच रेंगाळलो.

शिल्पांच्या दालनात घारापुरीहून आलेला ब्रह्मा आहे. तिथलीच महिषासुरमर्दिनीही आहे, भंगलेली. भंगलेलं शिल्प बघायला मला जास्त आवडतं. अखंड मूर्तीत देव दिसतो, फुटलेल्या कडेला दगड दिसतो. तो आतून कसा आहे आणि कारागिरानं किती खोलवर जाऊन हात थांबवला, ते कळतं. तीच जात, बाहेरच्या भिंतीतली. फक्त तिथे चिरा झाला आणि इथे चेहरा.

पण माझ्या मते अख्ख्या संग्रहालयातली सर्वांत मोलाची वस्तू दिसायला सर्वांत साधी आहे. सोपाऱ्याला सापडलेल्या अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा. 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना तो मिळाला. ओबडधोबड बेसॉल्ट, त्यावर ब्राह्मी अक्षरं. लेखणीसारखा हात फिरलाय, पण खोली सगळीकडे सारखी. हा आठव्या लेखाचा भाग. मूळ लेखाचा आशय असा की, पूर्वीचे राजे मौजेच्या सफरींवर जायचे, शिकार करायचे. मी अभिषेकानंतर दहा वर्षांनी संबोधीला, म्हणजे बोधगयेला, गेलो आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू केल्या. तुकड्यावर यातलं थोडंच उरलंय.

हे डोक्यात ठेवून निसर्ग विभागात जा. आम्ही तसंच गेलो आणि नातीनं दारातच विचारलं, "मग हे कोणी मारले?" वाघ, गवा, धनेश, रोहित पक्षी. सगळे आपापल्या जंगल-पाणथळीच्या देखाव्यात मांडलेले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मदतीनं उभा राहिलेला हा विभाग. पक्षितज्ज्ञ सलीम अली 1926 मध्ये इथेच मार्गदर्शक म्हणून नोकरीला लागले होते. त्या काळी पक्षी ओळखायचा तर आधी बंदूक उचलावी लागे, हे तिला समजावताना माझीच थोडी पंचाईत झाली. तिनं वहीत गव्याचं चित्र काढलं आणि खाली लिहिलं, "याला विचारलं नव्हतं."

काचेमागचे देखावे हल्लीच्या मुलांना जुनाट वाटतील, असं मला आधी वाटलं होतं. तसं झालं नाही. टीव्हीवरचा गवा पळून जातो, इथला उभा राहतो. त्याच्या खांद्याचा उंचवटा माझ्या डोक्याच्या वर होता की नाही, यावर आम्ही दोघं बराच वेळ भांडलो.

टाटा बंधूंनी दिलेल्या संग्रहातली चिनी भांडी आणि युरोपातली चित्रं मी भराभर उरकली. चांगलीच असणार, मला त्यातलं कळत नाही. शस्त्रांच्या दालनात अकबराचं चिलखत आहे, तिथे मुलं आपोआप थांबतात.

जाणार असाल तर सकाळी उघडल्याबरोबर जा आणि एका दिवसात सगळं बघायचा हट्ट धरू नका. इमारत, शिल्पं, सोपाऱ्याचा तुकडा आणि निसर्ग विभाग, एवढ्यालाच आमचे साडेतीन तास गेले. पायात सवयीच्या चपला घाला. चष्मा न्या, पण पहिला तास खिशातच ठेवा.

ब्रह्मा जिथून आला ती घारापुरी आता नातीला बघायची आहे. गेटवेवरून लाँच सुटते. सोमवारी लेणी बंद असतात, म्हणून मंगळवार ठरवलाय. शाळेला काय सांगायचं ते तिची आई बघेल.