‘कुठल्याही पट्टीत वाजवा’ म्हणून गळ्यात मारलेली पेटी

जुनी पेटी, म्हणजे हार्मोनियम, घ्यायच्या विचारात असाल तर आधी हे वाचा. गेल्या दिवाळीत परळला एकाच्या घरी जाऊन मी ३५,००० रुपये मोजून आलो. मुलगी काळी पाचमध्ये गाते, म्हणजे सप्तकातली पाचवी काळी पट्टी हा तिचा सा. तिच्या रियाजासाठी हवी होती. विकणारा म्हणाला, “जुने पॅरिसचे रीड, गांधार ट्यूनिंग. कुठल्याही पट्टीत वाजवा.” (रीड म्हणजे सूर देणारी आतली पितळी पाती.) तानपुरा ॲप लावून त्याने काळी एकमध्ये भूप राग वाजवला. गांधार असा लागला की अंगावर काटा आला. मी हात पुढे केला तर म्हणे, “भाता नाजूक आहे साहेब, घरी निवांत वाजवा.”

त्याच्या बोलण्यातच खोट होती. गांधार ट्यूनिंग म्हणजे एक सा धरून बाकीचे स्वर त्याच्याशी जुळवायचे. नेहमीच्या पेटीत बाराही स्वर १००-१०० सेंटच्या अंतरावर असतात (सेंट म्हणजे सुरांमधलं अंतर मोजायचं माप, एका सप्तकात १२००). त्यात शुद्ध गांधार सापासून ४०० वर येतो, तानपुऱ्याशी मिळणारा असतो ३८६ वर. हे १४ सेंट सगळ्या पट्ट्यांत सारखेच खटकतात, म्हणून कुठूनही गाता येतं. गांधार ट्यूनिंगमध्ये ठरलेल्या पट्टीत ती खटक जाते, पण बाकीच्या काही पट्ट्या बिघडतात. काळी एकच्या पेटीवर काळी पाच म्हणजे धैवत. तिथे सा धरला की गांधाराला पांढरी दोन येते, म्हणजे मूळचा कोमल रिषभ. तो लागतो ४२८ च्या आसपास! अर्ध्या स्वराच्या जवळजवळ निम्म्याने चढा.

मुलगी आलाप घेताना गांधारावर अडायची. “बाबा, मी उतरतेय का?” पंधरा दिवस पोर स्वतःलाच बेसूर समजत होती. पैशांपेक्षा मला याचा जास्त राग आहे.

शेवटी गिरगावातल्या एका कारागिराने आतली फळी उचलून दाखवली. काळपटलेल्या पितळी रीडांच्या टोकाशी कानशीचे ताजे, चकचकीत ओरखडे. टोकाला घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. दोन रीडांच्या टोकावर डाखाचे (सोल्डरचे) थेंब होते, वजनाने सूर उतरवायला. नऊ रीड तर सरळ नवे, वेगळ्याच घडणीचे. घासून गेलेलं पितळ परत येत नाही, त्यामुळे पेटी पुन्हा लावायची तर बरेच रीड बदलावे लागणार.

बिल नव्हतंच. मेसेजला एकच उत्तर आलं, “ऐकून घेतलीत ना?” नंतर फोन बंद.

तेव्हा जो गाणार आहे त्यालाच बरोबर न्या. त्याच्या पट्टीत, तानपुऱ्यावर, सा धरून ग आणि म स्वतः वाजवा. फळी उचलून दाखवत नसेल तर उठून या. गांधार ट्यूनिंग असेल तर ते कोणत्या पट्टीचं, हे बिलावर लिहून घ्या. परवाच त्या माणसाची नवी जाहिरात दिसली. पेटी वेगळी आहे, वाक्य तेच.